नेप्चून नावाचा कुत्रा आणि ॲलर्जीचे कोडे

घरातला कुत्रा सारखा पंजे चाटू लागला, कान खाजवून हैराण झाला, पोटावर लाल चट्टे दिसू लागले, की आपण पहिली चौकशी करतो ती नव्या गोष्टींची. बिस्किटे बदलली का, नवा शाम्पू आणला का, कोणी बाहेरचे काही खाऊ घातले का? जे तो पिल्लू असल्यापासून खातो, ज्या गोधडीवर रोज झोपतो, त्यावर मात्र कोणी संशय घेत नाही. हा तर्क सरळ वाटतो. पण ॲलर्जीच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकतो. तो का चुकतो, याचे उत्तर १९०२ मध्ये फ्रान्समध्ये एका कुत्र्याच्या मृत्यूने दिले. त्या कुत्र्याचे नाव नेप्चून आणि त्याच्यावर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव शार्ल रिशे.

रिशे यांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडील आल्फ्रेड रिशे हे नावाजलेले शल्यचिकित्सक आणि वैद्यकाचे प्राध्यापक. मुलगाही वैद्यकाकडे वळला, पण त्याचा ओढा एकाच विषयाकडे कधीच नव्हता. त्यांनी कविता केल्या, नाटके आणि कादंबऱ्या लिहिल्या, विमानविद्येत लक्ष घातले, युद्धविरोधी चळवळीत भाग घेतला. शस्त्रक्रियेपेक्षा त्यांना शरीर चालते कसे, हा प्रश्न जास्त खुणावत होता. १८८७ मध्ये ते पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२५ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्या काळच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत कुत्रा हा नेहमीचा प्राणी होता. रिशे यांनी त्याच्या धापेचा अभ्यास केला. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. उन्हात तो जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेतो. ही धाप दमल्याची खूण नसून शरीर थंड ठेवण्याची यंत्रणा आहे, हे रिशे यांनी प्रयोगांनी दाखवले. तोंड घट्ट बांधून ही धाप रोखली, तर उन्हात कुत्र्याचे तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत चढते. कडक उन्हाळ्यात कुत्र्याला घट्ट मुसके बांधून फिरवू नये, यामागचे शास्त्र हेच. कुत्र्याचे शरीर म्हणजे माणसाच्या शरीराची लहान प्रत नव्हे, ही गोष्ट पुढे त्याच्या त्वचेबद्दल बोलतानाही लक्षात ठेवावी लागेल.

रक्तातले संरक्षण

१८८८ मध्ये रिशे आणि त्यांचे सहकारी जूल एरिकूर यांना कुत्र्याच्या एका गाठीत स्टॅफिलोकॉकस गटातला जिवाणू सापडला. तो सशांना टोचला की ससे मरत; कुत्र्यांना मात्र केवळ गळू होई. कुत्र्याच्या रक्तात असे काही संरक्षण आहे का, जे सशाला देता येईल? त्यांनी कुत्र्याचे रक्त सशांना दिले. ही लागण होऊन गेलेल्या कुत्र्याचे रक्त ज्या सशांना मिळाले, ते तगले. संरक्षण रक्तातून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेता येते, हे त्यातून दिसले. ६ डिसेंबर १८९० रोजी रिशे यांनी माणसालाही असे सीरम टोचले. त्याच आठवड्यात बर्लिनहून बेरिंग आणि कितासातो यांचे घटसर्प व धनुर्वातावरील सीरमचे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि सीरमोपचारासाठी १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल बेरिंग यांना मिळाले.

त्या दशकात डॉक्टरांचा विश्वास असा होता, की शरीराची एखाद्या विषाशी ओळख झाली, की शरीर त्याच्याविरुद्ध अधिक सज्ज होते. लस आणि सीरम दोन्ही याच विश्वासावर उभे होते. त्या विश्वासाला अपवाद असू शकतो, हे दाखवण्याचे काम रिशे यांच्याच वाट्याला यायचे होते.

जहाजावरून प्रयोगशाळेत

१९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचे राजे प्रिन्स आल्बेर पहिले यांनी त्यांना आपल्या जहाजावरून अटलांटिकच्या मोहिमेवर नेले. राजाला समुद्रविज्ञानाचे वेड होते. फिजेलिया या निळ्या फुग्यासारख्या जीवाच्या लांब दोऱ्यांमध्ये असते काय, की त्याच्या स्पर्शाने माणूस कळवळतो, याचा शोध घ्यावा असे त्याने सुचवले. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू आणि गिरगावच्या किनाऱ्यांवर, तसेच गोव्यात जे निळे फुगे वाहून येतात आणि ज्यांना ब्लू बॉटल म्हणतात, ते याच कुळातले. रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी जहाजावरच त्या दोऱ्यांचा अर्क काढून प्राण्यांवर त्याचे परिणाम पाहिले.

फ्रान्समध्ये परतल्यावर फिजेलिया मिळेना. मग त्यांनी युरोपच्या खडकाळ किनाऱ्यांवर मुबलक सापडणारी समुद्रफुले घेतली आणि त्यांचे विष ग्लिसरीनमध्ये उतरवले. हे विष थोड्या मात्रेत दिल्यावर कुत्रा त्याला सरावतो का, त्याच्यात संरक्षण निर्माण होते का, हे त्यांना पाहायचे होते.

नेप्चून हा धडधाकट, तब्येतीने उत्तम कुत्रा. त्याला विषाची छोटी मात्रा दिली, काहीही झाले नाही. २२ दिवसांनी, तो पूर्ण निरोगी असताना, तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांत त्याला धाप लागली, पायांतली शक्ती गेली, जुलाब आणि रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या, आणि २५ मिनिटांत तो मेला. जी मात्रा पहिल्या वेळी निरुपद्रवी होती, तीच दुसऱ्या वेळी जीवघेणी ठरली. विष तेच होते, मात्राही तीच. बदलला होता तो कुत्रा.

असे काही याआधी कोणाला दिसलेच नव्हते असे नाही. फ्रान्स्वा माजांदी यांनी १८३९ मध्येच, अंड्यातला पांढरा भाग पुन्हा टोचल्यावर प्राणी मरतात, अशी नोंद केली होती. पण ती नोंद बाजूला पडली. रिशे आणि पोर्तिए यांनाही आधी विश्वास बसत नव्हता. मात्र त्यांनी हा अपघात म्हणून सोडून दिला नाही. दुसऱ्या कुत्र्यांवर तोच प्रयोग केला, मधले दिवस कमी-जास्त करून पाहिले. दोन इंजेक्शनांमध्ये फार थोडे दिवस असतील तर काही घडत नसे. सुमारे दोन-तीन आठवडे गेले असतील तर घडे. शरीराला शिकायला वेळ लागत होता.

फेब्रुवारी १९०२ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. संरक्षणाला ग्रीकवरून आलेला शब्द प्रोफिलॅक्सिस. त्याच्या उलट म्हणून रिशे यांनी ॲनाफिलॅक्सिस हा शब्द घडवला. पुढे १९०७ च्या सुमारास त्यांनी आणि इतर काहींनी दाखवले, की अशा कुत्र्याचे सीरम दुसऱ्या कुत्र्याला दिले तर ही अतिसंवेदनशीलताही त्याच्याकडे जाते. म्हणजे संरक्षण रक्तातून जाते, तसा धोकाही रक्तातून जातो. सीरम दुसऱ्यांदा टोचल्यावर काही रुग्ण का आजारी पडतात, हेही आता समजू लागले. १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिसादाला ॲलर्जी हे नाव दिले. १९१३ चे नोबेल रिशे यांना मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी या शोधाचे श्रेय आपल्या बुद्धीला दिले नाही. समोर दिसलेली गोष्ट नाकारली नाही, एवढेच आपले काम असे त्यांचे म्हणणे होते.

कुत्र्याच्या त्वचेवरची गोष्ट

नेप्चूनचा मृत्यू आणि घरातल्या लॅब्रेडॉरची खाज यांत तीव्रतेचा फार मोठा फरक आहे. एक काही मिनिटांचा, दुसरा वर्षानुवर्षांचा. त्वचेच्या ॲलर्जीत आनुवंशिकता असते, त्वचेचा संरक्षक थरही कमकुवत असतो. पण मुळाशी असलेली गोष्ट एकच आहे. पहिल्या भेटीत शरीर गप्प राहते, मात्र आतल्या आत परागकण, धूळ, पिसूची लाळ किंवा अन्नातले एखादे प्रथिन यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही आयजीई नावाची प्रतिपिंडे त्वचेतल्या पेशींवर जाऊन बसतात. तीच वस्तू पुन्हा आली, की त्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात आणि खाज, लाली सुरू होते. म्हणूनच ॲलर्जी होते ती ओळखीच्या वस्तूची. कुत्रा चार वर्षे चिकन-भात खातो आहे, हा चिकनच्या निर्दोषपणाचा पुरावा होत नाही.

प्रयोगशाळेबाहेर, आपल्या-आपण ॲलर्जी झालेल्या कुत्र्याची नोंद अमेरिकेतील डॉक्टर फ्रेड विटिक यांनी १९४१ मध्ये केली. त्या कुत्र्याला ठरावीक ऋतूत परागकणांचा त्रास होत असे. माणसाला अशा वेळी शिंका येतात, नाक गळते. कुत्र्यात मात्र ॲलर्जी बहुधा त्वचेवर उतरते. त्यामुळे तो शिंकत नाही म्हणून त्याला ॲलर्जी नाही, असे समजू नये.

खाज कुठे आहे, यावरून पुष्कळ कळते. कमरेच्या मागच्या भागात, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांवर केस गळून खाज असेल, तर पिसवांचा संशय घ्यावा. पिसूच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात. अंगावर पिसू न दिसणे हा पुरावा नव्हे. पंजे, तोंडाभोवतीचा भाग, कान, काखा आणि जांघा यांना खाज असेल, तर धूळ, बुरशी किंवा परागकणांची ॲलर्जी असू शकते. ती बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत सुरू होते, आणि लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पग, बुलडॉग, बॉक्सर अशा जातींत जास्त आढळते. पांढऱ्या किंवा फिकट केसांच्या कुत्र्याच्या पंजांवर तांबूस-तपकिरी डाग पडले असतील, तर ते सततच्या चाटण्याने लागलेल्या लाळेचे असतात. ऋतू न पाहता बारा महिने खाज, पुन्हा पुन्हा कान बिघडणे, जोडीला पोटाच्या तक्रारी, असे असेल तर अन्नाचा विचार करावा लागतो.

खाज म्हणजे ॲलर्जीच, असेही नाही. खरूज, डेमोडेक्स, नायटा, जिवाणू आणि यीस्ट यांमुळेही अशीच त्वचा दिसते. खरूज तर कुत्र्याकडून घरच्यांनाही होते. म्हणून पशुवैद्य आधी त्वचा खरवडून किंवा चिकटपट्टीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ॲलर्जीमुळे खाजवून जखमी झालेल्या त्वचेवर जिवाणू वाढतात. त्यांत रिशे यांना गाठीत सापडलेल्या जिवाणूच्या गटातले स्टॅफिलोकॉकस प्रमुख असतात. ही लागण बरी केल्याशिवाय मूळ ॲलर्जी किती आहे, हे कळत नाही.

नुसते दिसणे पुरत नाही

रिशे यांच्या आयुष्याला दुसरी बाजूही आहे. याच काळात ते मृतात्म्यांच्या बैठकांना जात होते. १९०५ मध्ये ते लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चचे अध्यक्ष झाले. माध्यम मानल्या जाणाऱ्या व्यक्तींच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या कथित पदार्थाला एक्टोप्लाझम हे नाव त्यांचेच. अल्जियर्समधल्या एका बंगल्यात अंधाऱ्या खोलीत अवतरलेल्या आत्म्याचे वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले आणि पुढे त्या प्रकारावर फसवणुकीचे आरोप झाले. मानवी वंशांत उच्चनीचता असते असे ते मानत आणि १९२० च्या दशकात फ्रेंच सुप्रजनन संघाचे अध्यक्षही होते. ही मते आज कोणीही शास्त्र म्हणून मांडणार नाही, आणि त्यांच्या चरित्रातून ती वगळणेही योग्य नाही.

माणूस तोच, नजरही तीच. मग एकीकडे नोबेल आणि दुसरीकडे फसगत कशी? फरक पडताळणीत होता. कुत्र्यांच्या बाबतीत रिशे यांना तीच घटना पुन्हा घडवून पाहता आली, मधले दिवस बदलता आले, ज्याला आधी मात्रा दिलेली नाही अशा कुत्र्याशी तुलना करता आली. अंधाऱ्या खोलीत यांतले काहीच शक्य नव्हते. तिथे फक्त डोळ्यांवर विश्वास होता.

कुत्र्याच्या अन्नाची ॲलर्जी शोधण्याची आजची खात्रीची पद्धत याच पडताळणीवर उभी आहे. कुत्र्याने आजवर कधी न खाल्लेले प्रथिन, किंवा ज्यातली प्रथिने बारीक तोडलेली असतात असे खास खाद्य, साधारण आठ आठवडे दिले जाते. या काळात दुसरे काहीही चालत नाही. दूध-पोळी नाही, बिस्किटाचा तुकडा नाही, चव लावलेली औषधाची गोळीही नाही. खाज कमी झाली, तर जुने अन्न पुन्हा सुरू करून ती परत येते का, हे पाहतात. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. कुत्रा बरा झाला, आता कशाला त्रास द्यायचा, असे वाटणे साहजिक आहे. पण तो खाद्यामुळे बरा झाला, ऋतू बदलल्याने, की मधल्या काळात पिसवा गेल्याने, हे त्या पायरीशिवाय कळत नाही. गोमांस, दूध, चिकन आणि गहू हे कुत्र्यांतल्या अन्नॲलर्जीचे नेहमी आढळणारे कारक आहेत, म्हणजे रोजच्या खाण्यातलेच. रक्ताच्या चाचणीवर अन्नाची ॲलर्जी भरवशाने ठरत नाही. केस किंवा लाळ पाठवून होणाऱ्या चाचण्यांचा तर भरवसाच धरू नये. अशा एका चाचणीच्या पडताळणीत कृत्रिम केसांच्या नमुन्यातही ॲलर्जी निघाली होती.

उपचार

पहिली पायरी पिसवांची. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी पिसूनाशक औषध द्यावे लागते, आणि आपल्या उष्ण हवेत ते वर्षभर चालू ठेवावे लागते. कुत्र्यांच्या काही पिसूनाशकांतले परमेथ्रिन मांजरासाठी विषारी असते, हे घरात मांजर असलेल्यांनी विसरू नये. जिवाणू किंवा यीस्टची लागण असेल तर पशुवैद्याने सांगितलेल्या औषधी शाम्पूने अंघोळ घालावी. फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा, मगच धुवावा. माणसांचा शाम्पू त्याच्या त्वचेला मानवत नाही.

स्टेरॉइड खाज लवकर थांबवतात. मात्र दीर्घकाळ दिल्यास तहान, लघवी, भूक आणि वजन वाढते, संसर्गाचा धोकाही वाढतो. जुनी चिठ्ठी दाखवून ती परस्पर आणू नयेत आणि मनाने अचानक बंदही करू नयेत. ॲलर्जीवरच्या माणसांच्या साध्या गोळ्यांचा कुत्र्यांत फार थोडा उपयोग होतो. ऑक्लासिटिनिब आणि सायक्लोस्पोरिन ही तुलनेने नवी औषधे आहेत. लोकिवेटमॅब हे इंजेक्शन खाजेचा निरोप देणाऱ्या इंटरल्युकिन-३१ या एकाच द्रव्याला अडवते. ते स्वतः एक प्रतिपिंड आहे. १८८८ मध्ये रिशे यांनी सशांना रक्तातून जे संरक्षण दिले, त्याच कल्पनेचे हे शुद्ध केलेले रूप.

धूळ किंवा परागकणांची ॲलर्जी ठरल्यावर आणखी एक मार्ग उरतो. त्याच पदार्थाच्या अतिसूक्ष्म मात्रा हळूहळू वाढवत देऊन शरीराला सवय लावायची. माणसांत हा उपचार लिओनार्ड नून यांनी लंडनमध्ये १९११ मध्ये मांडला, आणि १९४१ च्या त्या कुत्र्यावर विटिक यांनीही तो केला. यासाठी कोणता पदार्थ निवडायचा, हे ठरवायला त्वचेची किंवा रक्ताची चाचणी कामी येते. गुण यायला कित्येक महिने लागतात, आणि सगळ्या कुत्र्यांना तो येत नाही. वातावरणातली ॲलर्जी मुळापासून जात नाही, ती ताब्यात ठेवावी लागते, हे आधीच मान्य केले तर निराशा टळते. वाहनाचे काळे ऑइल, रॉकेल किंवा फिनेल मात्र कधीही लावू नये. कुत्रा ते चाटतो, आणि त्वचेपाठोपाठ पोटातही विष जाते.

नेप्चूनला जे झाले, ते आजही घडते. मधमाशी चावल्यावर, क्वचित औषध किंवा लसीनंतर, तोंड सुजणे, अंगावर गांधी येणे, अचानक उलट्या-जुलाब, हिरड्या पांढुरक्या पडणे, कुत्रा कोलमडणे, यांतले काही दिसले तर थांबून पाहू नये. कुत्र्यांत या तीव्र प्रतिक्रियेचा मोठा मारा यकृत आणि आतड्यांवर होतो, त्यामुळे सुरुवात उलटी-जुलाबानेही होऊ शकते. ॲड्रेनॅलिनने जीव वाचतो, पण ते मिनिटांत मिळावे लागते. कुत्र्याला आधी कधी एखाद्या औषधाचा किंवा लसीचा त्रास झाला असेल, तर तारखेसह लिहून ठेवावे आणि प्रत्येक वेळी पशुवैद्याला दाखवावे. पुढच्या वेळी त्रास जास्त होऊ शकतो.

रिशे ४ डिसेंबर १९३५ रोजी पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या प्रयोगशाळेत मेलेल्या कुत्र्यांपैकी नावाने लक्षात राहिलेले थोडेच. त्यांच्यावरून जे कळले, त्यामुळे माणसांचे असंख्य जीव वाचले. कुत्र्यांच्या वाट्याला ते ज्ञान उशिरा आले, आणि अजूनही ते दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठीपाशीच थांबते. घरी करण्याचे काम त्यापेक्षा साधे आहे. खाज कधी सुरू झाली, अंगावर कुठे आहे, ऋतूनुसार बदलते का, त्या दिवसांत काय खाल्ले, पिसवांचे औषध शेवटचे कधी दिले, हे एका वहीत लिहित जावे. दोन-तीन महिन्यांची अशी नोंद समोर असली, तर पशुवैद्याला अंदाज बांधावा लागत नाही, आणि कुत्र्याला नको ती औषधे खावी लागत नाहीत.